आईला घेऊन घरी ट्रान्स फिल्म फेस्टिव्हल बघायचाय. सबटायटल, नेट आणि सुरुवात कुठून?

उभादांडकरीण

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याजवळ राहते. आई माझ्याकडेच असते, वय ७६. माझ्या भावाचं धाकटं मूल, मुलगा म्हणून वाढवलेलं, पुण्याला नोकरी करतं. दीड वर्षापूर्वी तिने आम्हा सगळ्यांना सांगितलं की ती मुलगी आहे आणि कळायला लागल्यापासून तिला हे माहीत होतं. भाऊ अजून तिच्याशी बोलत नाही. वहिनी त्याच्या नकळत फोन करते. आई बोलते, पण जुन्या नावाने हाक मारते, आणि फोन ठेवला की मला विचारते, "गो, ह्यां असां कशाक झालां?" मला सांगता येत नाही. माझंच ज्ञान थोडं आहे.

भाचीनेच सुचवलं. सॅन फ्रान्सिस्कोला १९९७ पासून ट्रान्स लोकांच्या, म्हणजे तिच्यासारख्यांच्या, सिनेमांचा महोत्सव होतो, नोव्हेंबर महिन्यात. २०२० साली कोविडमुळे तो ऑनलाइन झाला, तेव्हा तिने एकटीने खोलीत बसून बघितला होता. यंदाही घरून बघता येतोय. पाच, दहा, पंधरा मिनिटांच्या फिल्म्स, अशा सात-आठ मिळून एक कार्यक्रम. ती म्हणाली, "आत्या, तू आजीला घेऊन बघ. मी शेजारी असले तर ती सिनेमा सोडून माझ्याच तोंडाकडे बघत राहील." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आता अडचणी. सबटायटल इंग्रजी. आई चौथी शिकलेली, मराठी झरझर वाचते, इंग्रजी अक्षर नाही. नेट पडवीच्या एका कोपऱ्यातच नीट येतं आणि आमच्या पडवीत दिवसभर कोणी ना कोणी येऊन टेकतं. गावात अजून कोणाला माहीत नाही.

आणखी एक. आईला दशावताराचं वेड आहे, अजून जत्रेला रात्रभर बसते. परवा ती आपणहून म्हणाली, "दशावतारात नाय काय, दादलो बायलेचो पार्ट करता, तसांच ह्यां." तिला निदान एक दार सापडलं म्हणून मी गप्प बसले. पण ते बरोबर आहे का, कळेना.

हर्णैचा बंदर

ताई, नेटचं मी सांगतो. २०२० च्या जुलैमध्ये मुंबईचा कशिश (समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या सिनेमांचा) महोत्सव ऑनलाइन झाला तेव्हा मी घरी होतो. ३ जूनला निसर्ग वादळ होऊन गेलेलं, माड आडवे, पत्रे उडालेले. लाईट आली तरी टिकत नव्हती. मोबाईल घेऊन वरच्या आळीत मित्राच्या गच्चीवर जायचो. तेवढ्यावरही बघून झालं, कारण फिल्म छोटी असते. दहा मिनिटं नेट टिकलं की एक गोष्ट पुरी होते. मोठ्या सिनेमाचं तसं नाही.

चित्राची क्वालिटी आपोआप ठरू देऊ नका, ४८० वर आणून ठेवा. दीड तासाच्या कार्यक्रमाला साधारण एक जीबी जाईल, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसतं. पण त्या दिवशी सकाळपासून बाकी काही बघू नका.

तिकिटाला यूपीआय बहुतेक चालणार नाही, कार्ड लागेल. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतील तर बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या, ऐन वेळी तिथेच अडकायला होतं. आणि पैसे भरण्याआधी दोन गोष्टी वाचा: भारतातून दिसतं का, आणि तिकीट ठरलेल्या वेळेपुरतंच आहे की नंतर काही दिवस चालतं. तिथले शुक्रवारी संध्याकाळचे सात म्हणजे आपले शनिवारी सकाळी साडेआठ. आईंना घेऊन थेट प्रक्षेपण बघू नका, ते थांबवता येत नाही.

मिरकरवाडा

ताई, मी स्वतः ट्रान्स बाई आहे, रत्नागिरीची. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

आधी हे सांगा, भाचीने आजीला दाखवायला सांगितलंय, पण आणखी कोणी सोबत बसलं तर तिला चालेल का? विचारून घ्या. माझी गोष्ट गावात माझ्या आधी दुसऱ्याने सांगितली. चांगल्या मनाने सांगितली, पण नंतर चार वर्षं मी पालखीला घरी आले नाही. पडवीत बघू नका. मोबाईलवर आतल्या खोलीत नेट येत नसेल तर एक फोन पडवीच्या कोपऱ्यात ठेवून त्याचं हॉटस्पॉट आत घ्या.

दुसरं, सगळ्या फिल्म्स ओळीने दाखवू नका. तुम्ही आधी एकट्या बघा आणि निवडा. २० नोव्हेंबरला जगभर मारल्या गेलेल्या ट्रान्स माणसांची आठवण पाळतात, १९९९ पासून. त्यामुळे या महिन्यात दुःखाच्या गोष्टी पुष्कळ समोर येतात. त्या खऱ्या आहेत आणि बघायला हव्यात, पण आजींनी पहिल्याच दिवशी मार खाणारी, घराबाहेर काढलेली मुलगी बघितली तर त्या रात्रभर नातीच्या काळजीने जागतील. आधी कोणी स्वयंपाक करतंय, कोणी पोहतंय, कोणाचं लग्न जमतंय, असलं दाखवा. त्यात ट्रान्स पुरुषही असतील, म्हणजे जन्मल्यावर मुलगी म्हणून वाढवलेले. आजींचा गोंधळ होईल. होऊ दे, थांबून सांगा. आपल्याकडे बहुतेकांना गाडीत टाळी वाजवणारे आणि यल्लम्माचे जोगते एवढेच ठाऊक असतात.

दशावताराचं. आजींनी जोडलेला दुवा तोडू नका, पण पुढे न्या. दशावतारातला नट पहाटे तोंडावरचा रंग पुसून पुरुष म्हणूनच घरी जातो. त्याने पार्ट केलेला असतो. माझं उलटं होतं. शाळेत, बंदरावर, काकांच्या लग्नात मी मुलग्याचा पार्ट करत होते, वीस वर्षं, आणि रंग पुसला तेव्हा कुठे घरी आल्यासारखं झालं. आजी इतकी नाटकं बघून बसल्यात, त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

सरकारचं काय, असं त्यांनी विचारलं तर सांगा की १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे माणसाने स्वतः सांगायचं. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही न्यायालयापुढे उभ्या राहिल्या होत्या. माझ्या आजोबांना "सुप्रीम कोर्ट" या शब्दाचा मोठा आधार वाटला होता.

आचऱ्याचे गुरुजी

सबटायटलची एवढी चिंता कशाला? श्रावणात पोथी कशी वाचतात? एक ओवी वाचायची, थांबायचं, अर्थ सांगायचा. तुमच्या आईने जन्मभर तशीच ऐकली असेल. तसंच करा. फिल्म आधी एकदा बघून ठेवा म्हणजे सांगताना अडखळणार नाही. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नका, नुसतं "ती म्हणते, मी येणार नाही" एवढं पुरे. आणि मालवणीत सांगा. पुस्तकी मराठीत सांगितलंत तर ती परक्यांची गोष्ट होईल.

उभादांडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरकरवाडाताई, भाचीला विचारलं. म्हणाली, फक्त तू आणि आजी. तिकीट रविवारच्या रात्रीपर्यंत चालतंय. हॉटस्पॉटची युक्ती जमली, फोन पडवीत कोनाड्यात ठेवला.

उभादांडकरीण (सहा दिवसांनी)

बघितलं. तीनच फिल्म्स, दुपारी जेवणं झाल्यावर, न्हाणीघराशेजारच्या खोलीत दार ओढून. आई नुसती बसायला तयार नव्हती, पुढ्यात माडाची चुडतं घेऊन झाडूसाठी हीर काढत बसली. पहिल्या फिल्मकडे तिने मान वर करूनही धड बघितलं नाही. मी सांगत होते, ती सुरीने पाती सोलत होती. मला वाटलं, फुकट गेलं.

दुसरीत संवाद जवळजवळ नाहीतच. एक म्हातारी आपल्या नातीचे केस विंचरते आणि वेणी घालते, एवढंच, आठेक मिनिटं. नातीचे खांदे रुंद, हात मोठे, आवाज एकदाच येतो, घोगरा. आईची सुरी थांबली. वेणी पुरी होईपर्यंत ती बघत राहिली आणि मग म्हणाली, "तेल घालूक व्हया होतां. कोरड्या केसार घट्ट बसणा नाय." मला भरून आलं. पुढे बराच वेळ ती काही बोलली नाही. मी दशावताराचं ते सांगितलं, रंग पुसून घरी येण्याचं, मिरकरवाडाताईंच्याच शब्दांत. तिने विचारलं, "वीस वर्सां?" मी हो म्हटलं. "रे देवा," म्हणाली, आणि पुन्हा हीर काढायला लागली.

तिसरी चालू असताना लाईट गेली, उरलेली मोबाईलच्या बॅटरीवर बघितली.

काल संध्याकाळी भाचीचा फोन झाला. नाव आईने जुनंच घेतलं, ते अजून तिच्या जिभेवर बसलंय. फोन ठेवल्यावर मात्र तिने मला विचारलं, "जत्रेक तां कधी येतलां?" इथल्या माणसांना सांगायला नको, पण घाटावरच्यांसाठी सांगते: आमच्या मालवणीत झिलाला "तो", चेडवाला "तां". गेली सव्वीस वर्षं ती "तो कधी येतलो" असंच विचारत आलीय. मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिच्या लक्षात आलं की नाही, तेही मी विचारलं नाही. भाचीला मात्र लगेच मेसेज केला. तिने तो तीनदा वाचला म्हणे.

गुरुजी, आई विचारतेय, पुढल्या वर्षीही असतं का हे. आणि मिरकरवाडाताई, भावाला दाखवायला तुम्ही काय निवडाल? तो पाच मिनिटांच्या वर बसायचा नाही.