मदत हवी: एअर रायफलच्या नळीला कोणते पेलेट बसतात हे घरच्या घरी कसं शोधायचं?

बंदरावरचा फिटर

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ ट्रॉलरच्या इंजिनांची कामं करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि सगळ्यांना इंजिन याच दोन महिन्यांत उघडून हवं असतं. त्यामुळे रात्री उशिरा लिहितोय, काही राहिलं असेल तर विचारा.

माझी मुलगी दहावीत आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य घेतलं, त्या संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, कांबळवाडीचा मुलगा जाऊ शकतो तर इथून जाता येईल का?" तेव्हापासून ती १० मीटर एअर रायफल करते. रायफल जुनी घेतली आहे, पण मॅचची आहे, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाली. प्रश्न त्या रायफलचा आणि पेलेटचा, म्हणजे तिच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचा आहे.

मे महिन्यापर्यंत ६० शॉटला (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण) तिचे ६१० ते ६१५ येत होते. जूनमध्ये पेलेटचा नवा डबा फोडला आणि आकडा ६०० ते ६०४ वर आला. कंपनी तीच, वजन तेच ०.५३ ग्रॅम, डब्यावर पेलेटच्या डोक्याचा व्यास तोच ४.५० मिमी. फक्त खालचा लॉट नंबर वेगळा. प्रशिक्षक म्हणतात दहावीचं टेन्शन आहे. मुलगी म्हणते, "माझाच ट्रिगर बिघडलाय." पहाटे पाचला उठून रिकामी रायफल खांद्याला लावून तासभर उभी राहते आणि मला ते बघवत नाही. लायनरमध्ये पिस्टनला किती गॅप आहे हे न मोजता कोणी इंजिन बांधलं आणि धूर आला म्हणून तांडेलाला, होडी चालवणाऱ्याला, बोल लावला, तर ते आम्ही कधी ऐकून घेणार नाही. मग इथे नळी आणि गोळी न मोजता पोरीला का बोलायचं?

म्हणून मी मोजायला घेतलं. मायक्रोमीटरने नव्या डब्यातले वीस पेलेट मोजले तर ४.४९ पासून ४.५२ पर्यंत काहीही येतंय. जुन्या डब्यात शंभरेक उरलेत, त्यांचंही तसंच. म्हणजे मला यातून काहीच कळलं नाही. जुन्या पेलेटांवर पांढरट पावडर धरली आहे, ती पावसाळ्याची असावी.

विचारायचं हे आहे की नळीचा आतला व्यास कसा काढायचा आणि त्यावरून पेलेट कसा ठरवायचा. रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या गोल फिरत जाणाऱ्या खोबण्यांच्या, पिळाचा यात किती भाग असतो? एकाने सांगितलं की लांब, भरीव पेलेट घ्या, ते स्थिर जातात. आणि आमच्या शेजारी जाळ्यांसाठी शिशाच्या गोळ्या ओततात, ते म्हणाले साचा कर, आपणच ओतू, पैसे वाचतील. माझ्याकडे लेथ आहे, साचा होईल. पण करावं का?

दहा मीटर

तुम्ही पोरीची बाजू घेतलीत ते बरं केलंत. आकडा डबा बदलल्या दिवसापासून पडला असेल तर आधी डबा तपासायचा.

मायक्रोमीटर बाजूला ठेवा. शिसं इतकं मऊ असतं की रॅचेटने धरलं तरी शतांश मिलिमीटर सहज दबतं आणि आपण शोधतोय तोच शतांश. शिवाय पेलेट मधे बारीक आणि मागे पातळ घेराचा असतो, तो वाकडा धरला की आकडा वेगळाच येतो. त्यापेक्षा नळीलाच विचारा. सिलिंडर काढा, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा. मग पितळी किंवा प्लॅस्टिकच्या सरळ दांड्याने एक पेलेट मागच्या बाजूने हळूहळू ढकला. पहिल्यांदा खोबणी धरताना बोटाला किंचित अडेल, मग एकसारखा सरकेल. बऱ्याच मॅच नळ्या तोंडाजवळ जरा घट्ट असतात, तिथे शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा जोर लागेल. बाहेर पडलेला पेलेट भिंगाखाली धरा. डोक्याच्या कडेवर चारी बाजूंनी सारख्या रेघा उमटल्या पाहिजेत. एका बाजूला रेघा आणि दुसरी बाजू गुळगुळीत असेल तर डोकं नळीला लहान पडतंय आणि पेलेट आत कलून चाललाय.

हे झालं डोळ्यांचं काम. खरा निकाल क्लॅम्पचा. रायफल पक्की बसवा, पण नळी आवळू नका, मधला धातूचा भाग धरा. नळी आवळली की ती वाकते आणि तुम्ही तुमच्याच क्लॅम्पची परीक्षा घेत बसता. लॉट बदलला की पहिले पंधरा-वीस शॉट सोडून द्या, कारण नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. मग एकाच नेमावर दहा-दहा शॉटचे ग्रुप घ्या. तीन शॉटचा ग्रुप फसवतो.

ग्रुपचा आकारही बघा. गोल पसरला तर पेलेट आणि नळीचं जमत नाही. उभा लांबट आला तर वेग कमी-जास्त होतोय. १७५ मीटर प्रति सेकंदाने सुटलेला पेलेट दहा मीटरवर सुमारे १६ मिमी खाली येतो, तोच १७० ने सुटला तर जवळजवळ एक मिमी आणखी खाली. एक मिमी म्हणजे दशांशाच्या गुणांत ०.४. असं दिसलं तर हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर आणि बोल्टच्या टोकाचं ओ-रिंग तपासा, खाऱ्या हवेत रबर लवकर जातं. आणि नळीत, सिलिंडरच्या वाटेत कुठेही तुमचं इंजिनाचं तेल जाऊ देऊ नका. २०० बार दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. हे फार मनापासून सांगतोय.

निवृत्त सुभेदार

पिळाबद्दल मी सांगतो. ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञांनी १८७९ मध्ये तोफगोळ्यांसाठी काढलेला ठोकताळा अजून चालतो: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी. उत्तर येतं ते म्हणजे किती अंतरात गोळीने एक पूर्ण फेरा घ्यावा.

पॉइंट टू टू, म्हणजे ५० मीटरला वापरतात ती रायफल, घ्या. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) गोळी ०.४७ इंच लांब, व्यास ०.२२३. हिशेब केला की १६ इंच येतात, आणि या रायफलींना पीळ १६ इंचात एक फेरा असाच असतो.

आता तुमच्या पेलेटचं बघा. व्यास ४.५ मिमी, सपाट डोक्याचा पेलेट साडेपाच मिमी लांब. उत्तर साधारण ५५० मिमी. एअर रायफलच्या नळ्यांना पीळ ४०० ते ४५० मिमीचा असतो, म्हणजे फेरा कमी अंतरात पुरा होतो, पीळ लागतो त्याहून जरा जास्तच. हा ठोकताळा भरीव गोळीचा आहे, पेलेट पोकळ. पण त्याला बॅडमिंटनच्या फुलासारखा मागचा घेरही सरळ ठेवतो, म्हणून या पेलेटपुरती पिळाची काळजी सोडा. मात्र कोणी आठ मिमी लांबीची भरीव गोळी दिली तर उत्तर ३८० येतं. ४५० च्या पिळात ती पुरेशी फिरणार नाही, डोलेल, आणि कागदावर गोल भोकाऐवजी अंडाकृती भोक पडेल. लांब ती स्थिर हा समज उलटा आहे. लांब गोळीला पीळ जास्त लागतो.

५० मीटरवाल्यांकडे तर चेंबरचाही, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेचाही, भाग येतो. मॅच रायफलचं चेंबर इतकं आखूड आणि घट्ट असतं की बोल्ट लावतानाच गोळीचा पुढचा भाग खोबणीत रुततो. एका रायफलला गोड लागलेला लॉट शेजारच्या रायफलला लागत नाही, म्हणून चांगले नेमबाज रायफल घेऊन जातात, क्लॅम्पवर लॉटमागून लॉट मारून बघतात आणि आवडलेला लॉट एकदम उचलतात. एवढ्या वरच्या पातळीची माणसं गोळीला आधी तपासतात, हे मुलीला जरूर सांगा.

ओतायचा विचार मनातून काढा. जाळ्याच्या शिशात एका बाजूला बुडबुडा राहिला तरी ते बुडतंच, जाळ्याला फरक पडत नाही. फिरत्या पेलेटमध्ये तोच बुडबुडा एका बाजूला राहिला तर तो भोवऱ्यासारखा डगमगत जाईल. मॅचचे पेलेट मऊ शिशाच्या तारेपासून दाबून करतात. आणि बंदरावर ओततात ते शिसं बहुतेक जुन्या बॅटऱ्यांचं. त्यात अँटिमनी असतं, ते कडक होतं, खोबणी नीट धरत नाही. त्याचा धूर तर घरात नकोच.

चिपळूणची आई

तांत्रिक काही सांगता येणार नाही, पण माझा मुलगाही खेळतो म्हणून लिहिते. ती पांढरी पावडर म्हणजे शिशावर दमट हवेने धरलेला क्षार. ते पेलेट वापरू नका आणि डबा फुंकून साफ करू नका, ते नाकातोंडात जातं. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, अगदी बिस्किटसुद्धा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पेलेटचा डबा आम्ही घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, पुड्या महिन्याला बदलतो. आणि लेकीला एकदा जवळ घेऊन सांगा हो, की तुझं काही चुकलेलं नाही.

मालवणी माणूस

चेडवाक दोष देव नको रे, आधी गोळी तपास. माझ्या आज्याकडे शेताच्या राखणीची ठासणीची बंदूक होती, वानर-डुकरांसाठी. इलेक्शन इली की चौकीत जमा. तिच्या नळीत खोबणीच नाय, तरी आजो सांगायचो, छर्रे ढिले बसले तर नेम काय लागूचो नाय. तुझ्या रायफलीक तर खोबणी हत.

बंदरावरचा फिटर

सगळ्यांचे आभार. उत्तरं वाचून त्याच रविवारी शेडमध्ये बसलो. जुन्या इंजिनाच्या बेडवर लाकडी गाल लावून क्लॅम्प केला, मधला भाग धरला, नळी मोकळी. समोर दहा मीटर मोजून तिरका पत्रा आणि त्याच्या पुढे कार्ड. शेडचं दार आतून लावलं, दोघांनीही चष्मे घातले.

आधी ढकलून बघितलं. जुन्या डब्यातला पावडर न धरलेला एक पेलेट घेतला, त्याच्या डोक्यावर चारी बाजूंनी बारीक रेघा, मोजल्या तर बारा. नव्यातला ढकलताना बोटालाच कळलं, सुरुवातीला अडलाच नाही. भिंगाखाली एका बाजूला पाच-सहा रेघा आणि दुसरी बाजू आरशासारखी. असे सहा ढकलले, सहापैकी पाच तसेच. मुलगी शेजारी उभी होती. तिने भिंग माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली.

मग क्लॅम्पवर. जुन्या लॉटचे दहा शॉट, कडेपासून कडेपर्यंत ६ मिमी. नव्याचे दहा, साडेनऊ. ग्रुप गोल पसरलेला, उभा नाही, म्हणजे वेगाचं दुखणं नाही. रेंजवरच्या एका मुलाने त्याच्या डब्यातले ४.५१ चे चाळीस पेलेट दिले होते. वीस सोडून दिले, दहा-दहाचे दोन ग्रुप घेतले. दोन्ही साडेपाच मिमी. पेलेटचाच व्यास साडेचार, म्हणजे जवळपास एकच भोक.

४.५१ चे दोन डबे एकाच लॉटचे मागवले. काल संध्याकाळी ते आले आणि तिने साठ शॉट मारले. ६१२.८. प्रशिक्षकांना कार्डं आणि ढकललेले पेलेट दाखवले, त्यांनी ते ठेवून घेतले, इतर मुलांच्या रायफली तपासायच्या म्हणून. पहाटेचं उभं राहणं तिने बंद केलेलं नाही, पण आता सहाला उठते.

एक शंका राहिली आहे, सुभेदार साहेब किंवा दहा मीटर यांनी सांगावं. जूनमध्ये फोडलेल्या त्या ४.५० च्या लॉटचे चारशेच्या वर पेलेट उरलेत. ते सरावाला वापरले तर नळीतला शिशाचा थर दर वेळी बदलेल आणि स्पर्धेच्या पेलेटला पुन्हा वीस शॉट घालवावे लागतील. मग ते नुसतं लोड करण्याच्या सवयीसाठी ठेवावेत की सरळ भंगारात द्यावेत?