परीकथा मधेच रेंगाळते, काय करावं?

पिंपळपान: ७-८ वर्षांच्या मुलांसाठी परीकथा लिहिते आहे, साधारण ३००० शब्दांची. एका मुलीला नदीत बोलका खडा सापडतो, तो मागाल ते देतो. चेटकिणीने पळवलेल्या धाकट्या भावाला तिला सोडवून आणायचंय. मोठ्याने वाचून दाखवली की सुरुवातीला मुलं कान टवकारून ऐकतात, पण जंगल आलं की चुळबुळ सुरू. जंगलाचं वर्णन दीड पान आहे. ते कापू का? आणि चेटकीण किती भीतिदायक चालेल?

बोरूबहाद्दर: जंगल कापाच, पण खरी गोम खड्यात आहे. तो मागाल ते देतो, तर मुलगी दुसऱ्याच पानावर "भाऊ परत आण" असं का नाही म्हणत? ऐकणाऱ्या पोरांना हा प्रश्न पडतोच. एकदा पडला की पुढची सगळी पायपीट त्यांना लेखिकेने मुद्दाम घडवून आणल्यासारखी वाटते.

जादूला हद्द हवी आणि किंमतही. समजा, खडा ओला असेल तरच बोलतो. आणि दर इच्छेमागे मुलगी एक नाव विसरते: आधी मांजराचं, मग मैत्रिणीचं. चेटकिणीच्या दारात भावाला नावाने हाक मारल्याशिवाय त्याची सुटका नाही, असं ठेवलंत तर तिसरी इच्छा मागताना मुलांचा श्वास अडकेल. मात्र हे दोन्ही नियम पहिल्या ७०० शब्दांत येऊन जायला हवेत. ऐन अडचणीत नवा नियम निघाला की "हे आत्ता बनवलं!" असं तोंडावर ऐकावं लागतं.

लांबीही बघा. मिनिटाला १२०-१३० शब्द धरले तर ३००० शब्दांना २३ ते २५ मिनिटं लागतात. या वयाला एका बैठकीत तेवढं जड जातं. दोन भाग करा आणि पहिला भाग दुसऱ्या इच्छेनंतर, ती मैत्रिणीला काय हाक मारावी ते आठवत उभी असताना तोडा.

कथेकरी: खडा नुसता 'सापडतो' हेही खटकतं. रशियन जादूकथांची चिरफाड करून व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये कथानकातल्या ३१ घटना क्रमाने मांडल्या. त्यात जादूची वस्तू हाती येण्याआधी देणारा नायकाची परीक्षा घेतो. ३१च्या ३१ घटना घालायच्या भानगडीत पडू नका, गोष्ट सरकारी अर्जासारखी होते. ही एक परीक्षा मात्र घ्या. जाळ्यात अडकलेला मासा तिने सोडवावा आणि त्याने खडा द्यावा, इतकं साधंही चालेल. खडा कमावलेला असला की तो हरवायची भीतीही खरी वाटते.

जंगलात तीन भेटी ठेवा. तिन्ही सारख्या लांबीच्या केल्या तर तिसरी मुलांना आधीच कळते. पहिली सविस्तर, दुसरी तिच्या निम्मी पण संवाद शब्दशः तेच (मुलं ते तुमच्याबरोबर म्हणू लागतात), आणि तिसरीत उत्तर बदलायचं. वर्णन या भेटींतच विरघळवा: झाडं दाट आहेत असं सांगण्याऐवजी तिची वेणी फांदीत अडकू द्या.

चिमणचारा: चेटकिणीबद्दल. ती किती भयंकर आहे यापेक्षा भीती किती वेळ ताणली जाते ते महत्त्वाचं. एकच खूण निवडा, उदाहरणार्थ ती येण्याआधी येणारा ओल्या पावलांचा चपचप आवाज, आणि चेहरा सांगूच नका. दर भीतीच्या प्रसंगानंतर पानभरात सुटकेची एक फट दिसू द्या.

चेटकिणीपेक्षा आपल्याच माणसाचा दगा मुलांना जास्त लागतो. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. तुमच्या गोष्टीत आईने भावाला दिलं वगैरे वळण असेल तर काढून टाका. आणि शेवटी चेटकिणीला मुलीनेच हरवावं. ऐनवेळी परी किंवा बाबा धावून आले की मुलांचा विरस होतो.

पिंपळपान: ओल्या खड्याचा नियम घेते. पण चेटकिणीचा वाडा कोरडाठाक आहे. तिथे अश्रूंनी खडा भिजतो असं केलं तर?

बोरूबहाद्दर: अश्रू नकोत, ते सगळे आधीच ओळखतील. तिला खडा तोंडात धरू द्या. खडा बोलायला लागतो, पण मग तिला बोलता येत नाही, आणि हाक तर तिलाच मारायची आहे!

चिमणचारा: कल्पना झकास, पण गोष्ट ऐकायला धाकटी भावंडंही बसतात आणि ऐकलेलं करून बघतात. खडा तोंडात नको. सरळ थुंकू दे त्याच्यावर. खड्याला त्याचा भयंकर राग येऊ दे, पोरं खिदळतील.