इंग्लंडच्या खेड्यात मुक्काम केलाय का? अनुभव लिहा

लंडन-बाथ सगळेच करतात. मधे एखाद्या शांत खेड्यात थांबला असाल तर सांगा, फोटो नकोत, काय पाहिलं, काय पंचाईत झाली ते लिहा. सुरुवात मी करते. बायबरी. दुपारी नुसत्या कोच गाड्या, शांतता कसली! आर्लिंग्टन रो म्हणजे साधारण १३८० ची लोकरीची वखार, १७ व्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली, आणि आजही लोक राहतात हो त्यात, खिडकीला नाक लावून बघू नका. संध्याकाळी गाड्या गेल्या की मग कोल्न नदीत ट्राउट मासे निवांत दिसतात. म्हणून म्हणते, मुक्कामच करा.

---

मुक्काम करा पण रविवारी जेवणाचं बघून ठेवा!! आम्ही पावणेतीनला पबात पोचलो तर किचन बंद, दुकान बंद, बसही नाही, शेवटी सासूबाईंनी बांधून दिलेल्या धपाट्यांवर दिवस काढला. एका फाटकाशी अंडी ठेवलेली, शेजारी पैशांचा डबा, राखायला कुणी नाही. आमच्याकडे फक्त कार्डं.

---

डर्बीशायरमधलं ईम कुणी केलंय का? १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून तिथे प्लेग आला असं सांगतात. पाद्री मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून लोकांनी गावाची हद्दच ओलांडायची नाही असं ठरवलं. वेशीवरच्या दगडाला खळगे आहेत, त्यात रोग पसरू नये म्हणून व्हिनेगर ओतून पैसे ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे. मी त्या खळग्यात बोट घालून बघितलं, पावसाचं पाणी होतं. सुमारे २६० माणसं गेली, घरांवर नावांच्या पाट्या आहेत, एकाच घरातली चार-पाच नावं वाचताना पुढे जाववत नाही. आमची पणजी सांगायची की प्लेग आला की अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहायचं. इथे उलटं, सगळे आतच राहिले. शेजाऱ्यांसाठी एवढं कोण करतं? बाकी गावात चहा-केकपलीकडे फार काही नाही, पण माझ्या लेखी बायबरीपेक्षा हे शंभर पटीने भारी.

---

+१ ईमला. आम्ही लॅकॉक केलं. जवळपास सगळं गाव १९४४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे, त्यामुळे विजेच्या तारासुद्धा दिसत नाहीत. फोटोग्राफीवाल्यांनी तिथली ॲबी (जुना मठ) चुकवू नका, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅल्बॉटने १८३५ मध्ये तिथल्याच खिडकीची निगेटिव्ह काढली होती.

---

गाडी घेणार असाल तर छोटी घ्या. रस्ता एका गाडीपुरता, दोन्हीकडे उंच कुंपण, समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स आपल्यालाच घ्यावा लागतो. नवरा अजून त्यावर बोलत नाही.