सेनोतेच्या पाण्यात उतरलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळपास नाहीच. पावसाचे पाणी चुनखडीत मुरते, खडक विरघळवत जमिनीखालून वाट काढते आणि एखाद्या पोकळीचे छत कोसळले की आतले गोडे पाणी उघडे पडते. त्याला तिथे सेनोते म्हणतात. मूळ शब्द माया भाषेतला. या पाण्यात पोहलेल्या, मास्क लावून तरंगलेल्या किंवा पाठीला टाकी बांधून खाली गेलेल्या सर्वांनी इथे लिहावे, ही विनंती. ‘अप्रतिम’ आणि ‘स्वर्गीय’ ही विशेषणे छायाचित्रांसाठी राखून ठेवावीत. काय दिसले, काय चुकले आणि पुन्हा गेल्यास काय वेगळे कराल, तेवढे सांगावे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, बाकीच्यांनी आपापले अनुभव खाली लिहावेत. चिचेन इत्सा हे माया लोकांचे प्राचीन नगर पाहून आम्ही भर दुपारी जवळच्या इक किल या सेनोतेला पोहोचलो, आणि नेमक्या त्याच वेळी सहलींच्या सगळ्या बसगाड्याही तिथेच आल्या. काठावरून वाकून पाहिले तेव्हा पाणी सुमारे २६ मीटर खाली, गोल विहिरीसारखे दिसत होते आणि वरून झाडांची मुळे दोरखंडासारखी लोंबत होती. पण पायऱ्या उतरून जाईपर्यंत निळ्या पाण्यापेक्षा नारिंगी लाइफ जॅकेटेच अधिक दिसू लागली. आता गेलो तर सकाळी दार उघडताना जाईन.

*

आम्ही तुलुम या किनाऱ्यावरच्या गावाजवळच्या ग्रान सेनोतेत स्नॉर्केलिंग केले, म्हणजे मास्क लावून नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगलो. आत जाण्याआधी शॉवरखाली अंग धुवावे लागते. सनस्क्रीन धुऊन टाकायला लावतात म्हणून मी थोडी कुरकुर केली होती. पण हेच भूजल त्या प्रदेशाला प्यायला पुरते आणि पुढे समुद्रातल्या प्रवाळांपर्यंत जाते, हे कळल्यावर गप्प बसले. पाण्याचे तापमान २४-२५ अंश असते. ऐकायला ते उबदार वाटते, प्रत्यक्षात अर्ध्या तासात माझे दात वाजू लागले, तेव्हा पातळ वेटसूट अवश्य घ्यावा. एक कासव माझ्या मास्कपासून हातभर अंतरावर शेवाळ खात होते. त्याच्या मानेवरच्या पिवळ्या रेघा मोजता येतील इतके पाणी स्वच्छ होते.

*

मी पंधरा वर्षे समुद्रात डायव्हिंग करतो, त्यामुळे गोडे पाणी सोपे जाईल अशी माझी समजूत होती. ती पहिल्या दहा मिनिटांत खोटी ठरली. दोस ओहोस या सेनोतेच्या पाण्याने भरलेल्या गुहेत मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त चौघे, बांधलेल्या दोरीच्या बाजूने, नैसर्गिक उजेड दिसत राहील एवढ्याच भागात जातात. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडचणीसाठी राखायचा असतो. एका वळणावर माझी फिन, म्हणजे पायातले पोहण्याचे वल्हे, तळाला जेमतेम घासली आणि चिमूटभर वाटणाऱ्या गाळाचा एवढा ढग उठला की मागच्याला माझा टॉर्च दिसेनासा झाला. मार्गदर्शकाने पाण्याखाली रागावण्याची जी खूण केली, ती कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

छताला लटकणारे चुन्याचे सुळके पाण्यात तयार होत नाहीत. हिमयुगात समुद्राची पातळी खूप खाली होती, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या आणि थेंबाथेंबाने ते वाढले. त्यांच्यामधून तरंगत जाताना आपण कुणाच्या तरी रिकाम्या घरात शिरल्यासारखे वाटते. हे दोस ओहोस २०१८ मध्ये साक आक्तुन या पाण्याखालच्या गुहांच्या प्रणालीशी जोडलेले असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा एकूण मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली.

दुसऱ्या दिवशी चाक मोल या सेनोतेत गोडे आणि खारे पाणी जिथे भेटते तो थर पाहिला. हलके गोडे पाणी वर, जड खारे पाणी खाली, आणि दोन्ही मिसळतात तिथे तेलाचा हात फिरवलेल्या काचेसारखे सगळे धूसर होते. पुढच्या डायव्हरचे पाय स्पष्ट, धड मात्र विरघळलेले दिसत होते. थर ओलांडून खाली जाताच पाणी किंचित कोमट लागते आणि शरीर आपोआप वर उचलले जाते. गुहेच्या खोल भागाच्या तोंडाशी कोयता घेतलेल्या मृत्यूचे चित्र असलेला फलक आहे. आम्ही तिथूनच वळलो.

*

आंगेलिता हे सेनोते केवळ अनुभवी डायव्हरांसाठी आहे. सुमारे ३० मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा पांढुरका ढग पसरलेला असतो आणि त्यातून झाडांच्या फांद्या वर आलेल्या असतात. ढगात शिरलो तेव्हा जिभेवर सडक्या अंड्याची चव आली आणि त्याखाली गडद अंधार होता. मी तिथे दोन मिनिटेही थांबलो नसेन.

*

चिचेन इत्साच्या पवित्र सेनोतेत पोहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्या तळातून जेड, सोने आणि माणसांची हाडे निघाली आहेत.

*

मला पोहता येत नाही. वायादोलिद शहराजवळच्या एका सेनोतेत लाइफ जॅकेट बांधून, दोरीला घट्ट धरून मी कमरेपर्यंत उतरले आणि मग सरळ लाकडी फळीवर जाऊन बसले. समोरच्या कपारीत निळ्या-हिरव्या रंगाचा तोह पक्षी येऊन बसला. हे पक्षी सेनोतेच्या भिंतीतच घरटी करतात. त्याच्या शेपटीच्या दोन पिसांच्या टोकांना चमच्यासारखे गोंडे होते, आणि बाकीची मंडळी पाण्यातून बाहेर येईपर्यंत तो ती शेपटी घड्याळाच्या लंबकासारखी हलवत राहिला.