हिवाळ्यात रत्नागिरी शहर पाहिलेल्यांनी आपले अनुभव सांगावेत

वाशिष्ठीकाठ
परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी आवरताना आईची एक जुनी वही हाती लागली. दुधाच्या हिशेबानंतरच्या कोऱ्या पानावर तिने रत्नागिरीच्या सहलीचा बेत लिहून ठेवला होता: सकाळी थिबा राजवाडा, मग टिळकांचे जन्मस्थान, दुपारी माशांचे जेवण, संध्याकाळी किल्ल्यावर भगवतीचे दर्शन. खालच्या तिन्ही ओळींपुढे बरोबरची खूण आहे, पहिल्या ओळीपुढे नाही.

ती खूण का राहिली हे मला लख्ख आठवते. तेरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आम्ही चिपळूणहून पहाटेची एसटी धरली, संगमेश्वरपर्यंत दाट धुके होते, आणि दहाच्या सुमारास राजवाड्याच्या फाटकाशी उतरलो तर फाटकाला कुलूप. तो सोमवार होता. तिथले संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणीही आधी विचारून घेतली नव्हती. आईने दोन्ही हातांनी गज धरून बराच वेळ आत पाहिले आणि "पुढच्या वेळी बघू" म्हणून ती रिक्षात बसली. ती पुढची वेळ अजून आलेली नाही.

आई आता ७९ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. या हिवाळ्यात नागपूरची मावशी आमच्याकडे येणार आहे, तेव्हा दोघींना घेऊन दोन दिवस फक्त रत्नागिरी शहरासाठी द्यायचे मी ठरवले आहे. कुठे किती वेळ लागतो, जेवणाचे कसे जमवावे, कशाची आधी चौकशी करायला हवी होती आणि राहून गेली, हे सगळे मला तुमच्याकडून ऐकायचे आहे. चुकलेले बेतही अवश्य लिहा, मला त्यांचा जास्त उपयोग होईल.

मांडवीची लेक
ताई, सोमवारचा फटका आमच्या पाहुण्यांनाही बसला आहे. त्यामुळे आता कोणाचाही फोन आला की वार कोणता, हे मी आधी विचारते.

आईंना राजवाडा घाईत दाखवू नका, किमान दीड तास द्या. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले, पण हा राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षे तो दुसऱ्या घरांत राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला, तेव्हा या वास्तूत त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली होती. हे माझ्या आजीने मला तिथल्या व्हरांड्यात उभे करून सांगितले होते. समोर भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र दिसत होता. "त्याचा देश याच पाण्याच्या वाटेने सुटला," असे ती म्हणाली. तेव्हापासून मला त्या व्हरांड्यात मोठ्याने बोलवत नाही. खिडक्यांतली रंगीत काच आणि लाकडावरचे कोरीव काम मावशींना जवळून पाहू द्या.

शिवाजीनगरात थिब्याची समाधी आहे, तिथेही पाच मिनिटे थांबा. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थीन सेन तिथे येऊन गेले, पण आपल्या गावातले कितीतरी लोक तिथे एकदाही गेलेले नाहीत.

घाटावरची सून
नागपूरच्या मावशींना आत्ताच कळवा की थंडीच्या कपड्यांनी पिशवी भरू नका. मी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले, आणि माझी माहेरची माणसे पहिल्यांदा जानेवारीत आली ती स्वेटर, कानटोप्या आणि जाड रजया घेऊन. सकाळी आठपर्यंत एक शाल पुरते. अकरानंतर ऊन असे चढते की किल्ल्यावर जांभ्या दगडाच्या वाटेने चालणारा माणूस घामाघूम होतो. माझ्या वडिलांना रत्नदुर्गावर भर बारा वाजता चक्कर आली होती आणि पाण्याची बाटली गाडीतच राहिली होती. तेव्हापासून आमच्याकडे ऊन उतरेपर्यंत कोणाला किल्ल्यावर नेत नाहीत.

मिरकरवाडा
जेवणाबद्दल लिहितो, कारण पाहुण्यांचे चुकते ते तिथे.

लोक घरूनच ठरवून येतात की पापलेटच खायचे. त्या दिवशी बंदरात काय उतरले आहे हे विचारून मागवावे, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो हॉटेलातही लागू पडतो. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून आता बरेच महिने झालेले असतात आणि समुद्र शांत असतो, त्यामुळे हिवाळ्यात सुरमई, बांगडा, कोळंबी, सौंदाळे सगळे मिळते. तरी रोज सगळे मिळत नाही. ताज्या बांगड्याचा डोळा फुगीर आणि काळाभोर असतो, कल्ले लालबुंद असतात, आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर येते. मासे दाखवून मग शिजवणाऱ्या ठिकाणी हे स्वतः बघून घ्यावे, त्यात कोणी राग मानत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. कचेऱ्या आणि बँकांतली माणसे एक ते दोनच्या दरम्यान जेवायला येतात. तुम्ही साडेबाराला जाऊन बसा. अडीचला गेलात तर तळलेला तुकडा मिळेल, पण तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले संपलेले असेल, आणि आईंनी ते खाल्ल्याशिवाय परत जाऊ नये असे मला मनापासून वाटते. भाकरी तांदळाचीच मागा. सोलकढी शेवटी, भातावर.

देवरुखची भाची
मिरकरवाडा दादा, तुमचे सगळे खरे, पण वाराकडे बघायला हवे. आम्ही दोन वर्षांपूर्वी सासरच्या सात माणसांना घेऊन गेलो. मी फार हौसेने माशांच्या जेवणाचे टेबल आधी सांगून ठेवले होते. टेबलाशी बसल्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, आज मार्गशीर्षातला गुरुवार ना?" मोठ्या जाऊबाईंचाही उपास होता. त्या दोघींनी तिथे नुसते ताक घेतले. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही, तरी त्या दिवसाची आठवण आली की मला आजही वाईट वाटते. पंचांग घरात भिंतीवर होते, मी ते पाहिले नाही.

यावर उपाय सोपा आहे. शाकाहाराचा दिवस रत्नागिरीजवळच्या पावस गावासाठी ठेवावा. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, ती गरम खिचडी पंगतीत बसून खाल्ली की दुसऱ्या जेवणाची आठवण राहत नाही. भाट्याच्या पुलावरून रस्ता आहे, पाऊण तासात पोहोचता येते.

खारवी आळी
वाशिष्ठीकाठ ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. ही खूण या वेळी नक्की होईल.

डबा क्रमांक चार
गुडघ्यांचा त्रास असेल तर चिपळूणहून एसटीऐवजी रेल्वेने जा. महामार्गाचे काम आणि वळणे यांत म्हाताऱ्या माणसांची पाठ भरून येते. गाडीत पाय लांब करता येतात आणि स्वच्छतागृहाची काळजी राहत नाही. उक्षी सुटले की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. माझी आई त्या काळोखात दरवेळी हात जोडते.

दोन गोष्टी मात्र आधी लक्षात घ्या. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, पूर्वी १२० दिवस असायचे, आणि नाताळ ते नवीन वर्ष या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. शिवाय रत्नागिरी स्थानक शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून गावात यायला रिक्षा करावी लागते, तिचे भाडे बसण्याआधी ठरवावे. आम्ही एकदा रात्री साडेदहाला उतरलो होतो आणि राहायची जागा कोणत्या गल्लीत आहे हे कोणालाच नीट माहीत नव्हते. दिवसाउजेडी पोहोचणारी गाडी निवडा.

पऱ्याची वाडी
राहण्याच्या जागेचा विषय निघाला म्हणून लिहिते. आम्ही ३१ डिसेंबरसाठी दोन खोल्या फोनवर सांगून ठेवल्या होत्या, पैसे पाठवले नव्हते. संध्याकाळी पोहोचलो तर त्या दुसऱ्यांना दिलेल्या. लहान मुलांना घेऊन दोन तास शहरभर फिरलो. शेवटी एका ओळखीच्या काकूंनी त्यांच्या पडवीत आणि माजघरात आमच्या गाद्या घातल्या आणि रात्री कुळथाची पिठी आणि गुरगुट्या भात वाढला. त्या वर्षीच्या हॉटेलांतल्या एकाही जेवणाची चव मला आठवत नाही, त्या पिठीची आठवते. थोडी रक्कम आधी भरून लेखी पोच घ्या आणि शक्यतो वर्षअखेरीचे ते आठ दिवस टाळा.

टिळक आळी
आमच्या आळीबद्दल लोक दोनच वाक्ये बोलतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी इथे झाला आणि ते दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब पुण्याला गेले. घर कौलारू आणि साधे आहे. मोठे दालन किंवा झगमगाट पाहायला आलेली माणसे पाच मिनिटांत बाहेर पडतात, आणि मला त्याचे वाईट वाटते. आत गेल्यावर जरा शांत उभे राहावे. बाहेर कडक उन्हे असली तरी जुन्या कोकणी घरात गारवा कसा टिकतो, हे तिथे अंगाला कळते.

तिथून पतितपावन मंदिर जवळ आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात भागोजीशेठ कीर यांनी पैसा उभा केला आणि १९३१ मध्ये सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले हे मंदिर झाले. या दोन्ही ठिकाणी एकाच सकाळी, उन्हे चढायच्या आत जाता येते, आणि वाटेत मावशींना आंबोळी किंवा घावणे खायला घालता येतात. लोक सकाळी नऊला रत्नागिरीत उतरतात आणि दहाला गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागतात, त्यात हे सगळे राहून जाते. तुम्ही दोन दिवस शहराला देताय हे वाचून मला फार बरे वाटले.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. देवरुखच्या ताई, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत म्हणून आमच्याकडचा तोच प्रसंग टळला, कारण मावशीचेही मार्गशीर्षातले गुरुवार असतात. आता डिसेंबर सोडून जानेवारीत, पौषात जाण्याचे ठरवते आहे.

आतापर्यंतचा बेत असा आहे. मंगळवारी रेल्वेने दुपारच्या आत पोहोचायचे, साडेबाराला जेवण, मग विश्रांती. चारला राजवाडा, म्हणजे उतरत्या उन्हात खाडी दिसेल. बुधवारी सकाळी टिळक आळी आणि पतितपावन, संध्याकाळी किल्ला. भगवतीच्या पायऱ्या आईला झेपतील का, एवढीच शंका आहे.

मांडवीची लेक
चार वाजता राजवाड्यात जाऊ नका. संग्रहालय संध्याकाळी लवकर मिटते आणि आईंना पुन्हा घाई होईल. तेरा वर्षे वाट पाहिलेली गोष्ट शेवटच्या तासावर ठेवू नये. बुधवारी सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि टिळक आळी मंगळवारी संध्याकाळकडे सरकवा, मात्र तिथलीही वेळ फोनवर विचारून घ्या. खाडीवरचे उतरते ऊन जवळच्या थिबा पॉइंटवरूनही दिसते, तिथे बसायला जागा आहे.

घाटावरची सून
किल्ल्यावर गाडी बरीच वर जाते, पण पुढे पायऱ्या आहेतच. माझ्या आईने त्या मध्ये तीन वेळा बसून चढल्या. न झेपल्यास खालूनच हात जोडावेत आणि मांडवीला जावे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसहाच्या आत बुडतो, म्हणून साडेपाचला तिथे असावे. धक्क्यावर चणे-शेंगदाणे घेऊन बसलेल्या आजी-आजोबांत आई आणि मावशी सहज मिसळून जातील.

मालगुंडकर
मंगळवार ठरवलात म्हणून तातडीने लिहितो. त्या मंगळवारी संकष्टी नाही ना, हे पंचांगात बघा. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी होते आणि गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. त्या दिवशी शहरातही राहायला जागा आणि जेवायला टेबल मिळणे कठीण होते. माझी स्वतःची बहीण अंगारकीला येऊन आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर दीड तास गाडीत अडकली होती.

गणपतीपुळे या वेळी न केलेलेच बरे. आरे-वाऱ्याचा रस्ता फार सुंदर आहे, पण तो सावकाश पाहायचा रस्ता आहे. कधी तिसरा दिवस काढलात तर मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक पाहायला या, मी स्वतः दाखवीन.

वाशिष्ठीकाठ
मालगुंडकर काका, पंचांग काढून पाहिले. आम्ही धरलेल्या मंगळवारीच संकष्टी आहे. एक आठवडा पुढे सरकलो. मांडवीच्या ताई, राजवाडा बुधवारी सकाळीच. आईला हे सांगितल्यावर तिने वही मागून घेतली आणि जुन्या ओळीच्या बाजूला 'बुधवार, सकाळी' असे स्वतःच्या अक्षरात लिहिले.

आता एकच विचारायचे राहिले. मावशीला उकडीचे मोदक हवे आहेत आणि आम्ही तिघीच आहोत. घरगुती करून देणाऱ्यांकडे अकरा सांगितले तर चालतात, की एकवीसच सांगावे लागतात?

खारवी आळी
अकरा चालतात. मंगळवारी दुपारपर्यंत कळवा, म्हणजे त्यांना रात्री पिठी आणि सकाळी नारळ बघता येतो. दहा वाजता गरम मिळतील. डबा तुमचा न्या आणि तुपाची वाटी वेगळी मागून घ्या.