आप्पांचं हसवणं वहीत कसं उतरवू?

प्रश्न

माझ्या आजोबांना, म्हणजे आमच्या आप्पांना जाऊन आठ महिने झाले. पतवंडांसाठी त्यांच्या आठवणींची एक वही करायला घेतली आहे. घरात कोणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, "फार हसवायचे." नेमकं काय बोलून हसवायचे, ते कोणाला सांगता येत नाही.

जे आठवतं ते लिहिलं की कोरडं पडतं. राँग नंबर आला की आप्पा फोन ठेवत नसत. "लागलाच आहे तर दोन मिनिटं बोलू या," म्हणत आणि त्या माणसाची सगळी विचारपूस करत. त्यातले एक गृहस्थ पुढे कितीतरी वर्षं महिन्यातून एकदा मुद्दाम तोच चुकीचा नंबर लावायचे! तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो. वहीत त्याच्या चार ओळी झाल्या आणि त्यात आप्पा कुठेच नाहीत. कोणी असं काही लिहिलंय का?

प्रतिसाद १

तुमच्या लिहिण्यात खोट नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या गप्पांमधले हसण्याचे १२०० प्रसंग टिपले होते. हसण्याच्या आधीचं वाक्य खरोखर विनोदी होतं असे प्रसंग २० टक्केसुद्धा भरले नाहीत. बाकी सगळं हसू "बरं, भेटू नंतर" असल्या साध्या बोलण्यावर. एकट्याने हसण्यापेक्षा माणूस चारचौघांत तीसपट जास्त हसतो, हेही त्यांचंच निरीक्षण.

म्हणून आप्पांचं वाक्य एकटं लिहू नका. तेव्हा खोलीत कोण होतं, कोण कुठे बसलं होतं, आधी कोणाला हसू फुटलं, ते लिहा.

प्रतिसाद २

आवाज आहे का त्यांचा कुठे? माझ्या वडिलांचा एका ६० मिनिटांच्या जुन्या कॅसेटवर सापडला. तुम्हालाही सापडली तर वाजवण्याआधी तिच्या मागच्या काठावरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून वरून रेकॉर्डिंग होणार नाही. संगणकावर घेताना मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवा. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ पुरते.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना "आप्पा कसे होते?" असं विचारू नका, त्याला "फार चांगले" एवढंच उत्तर येतं. एखादी वस्तू पुढे ठेवून विचारा. हे मात्र लवकर करा. मी काकांना विचारायचं पुढे ढकलत राहिलो आणि ते राहूनच गेलं.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल आत्याला घेऊन मधल्या खोलीच्या दाराशी बसलो. तिथे चौकटीवर आम्हा नातवंडांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेषा आहेत. सगळ्यांत बुटका मी, आणि मोजताना रडायचो. आत्या म्हणाली, "तुझी रेष आप्पा नेहमी दोन बोटं वर काढायचे. तू सोडून सगळ्यांना ठाऊक होतं."

मला ते दुपारचं मोजमाप लख्ख आठवतं. पाठ चौकटीला टेकलेली, डोक्यावर आप्पांचा हात, समोर सगळी भावंडं हसताहेत. मी उंच झालो म्हणून ती हसताहेत, असंच मला इतकी वर्षं वाटत होतं.

आज वहीची तीन पानं भरली. आत्या तेव्हा दाराच्या डाव्या बाजूला उभी होती, तेही लिहिलंय.