पुस्तकांच्या फायली उतरवण्यासाठी कमांड लाइन सर्वांनीच शिकावी का?

धागा (दांडिया बाजार, बडोदे)
आमच्या मंडळात जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन प्रती जमवण्याचे काम चालू आहे, आणि त्यासाठी ब्राउझरवर विसंबणे आता सोडून कमांड लाइन, म्हणजे संगणकाला टंकित हुकूम (कमांड) देण्याची पद्धत, वापरावी असे माझे ठाम मत आहे. गेल्या महिन्यात पावणेदोन जीबीची फाइल संपत आली असता वीज गेली आणि ब्राउझरने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढच्या खेपेस मी डब्ल्यूगेट (wget) हे कमांड लाइनवरून फायली उतरवण्याचे साधन वापरले. वीज त्याही वेळी गेली. परंतु संगणक सुरू करून तीच कमांड 'सी' (-c) पर्यायासह दिल्यावर काम थांबले होते तिथूनच पुढे गेले, कारण हे साधन हातात असलेला भाग मोजून सर्व्हरकडे फक्त उरलेला भाग मागते. चाळीस दुवे एका मजकूर फाइलीत, प्रत्येक ओळीवर एक असे लिहून ती फाइल 'आय' (-i) पर्यायाने दिली, की रात्रभर माणूस लागत नाही. १९९६ पासून मोफत उपलब्ध असलेले हे साधन मंडळातल्या प्रत्येकाने शिकावे.

प्रतिसाद (मांजलपूर)
मी सहमत नाही. आपण सोय सांगितलीत, फसगत सांगितली नाहीत. लॉगिन लागणाऱ्या एका संकेतस्थळावरून मी याच पद्धतीने बारा पुस्तके घेतली. नावे बरोबर, शेवटी पीडीएफही होते. मात्र प्रत्येक फाइल जेमतेम सहा केबीची होती आणि आत पुस्तकाऐवजी लॉगिनचे पान होते. ब्राउझरमधली आपली ओळख कमांडबरोबर आपोआप जात नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. शिवाय 'आर' (-r) पर्याय दिला की डब्ल्यूगेट, वेगळी मर्यादा न सांगितल्यास, पाच पातळ्यांपर्यंत दुव्यामागून दुवे उचलत जाते. एखाद्या लहान ग्रंथालयाच्या सर्व्हरवर नवख्या हातांनी असा भार टाकणे मला गैर वाटते.

धागाकर्ता
लॉगिनचा मुद्दा मान्य. तिथे ब्राउझरच बरा. भाराबद्दल मात्र उपाय आहे: दोन फायलींमध्ये थांबण्याचा आणि वेग मर्यादित ठेवण्याचा असे दोन्ही पर्याय त्यात आहेत, आणि ते प्रत्येक वेळी द्यावेत असा नियम आपण करू शकतो.

प्रतिसाद (रावपुरा)
विंडोज वापरणाऱ्यांसाठी: २०१८ पासून विंडोज १० मध्ये कर्ल (curl) हे फायली उतरवण्याचे असेच दुसरे साधन आधीपासूनच असते. मात्र जुन्या पॉवरशेलमध्ये (विंडोजमधील कमांड लिहिण्याच्या खिडकीत) नुसते 'कर्ल' लिहिले तर भलतीच कमांड चालते. म्हणून 'कर्ल डॉट ईएक्सई' (curl.exe) असे पूर्ण लिहावे. दुव्यात प्रश्नचिन्ह किंवा 'अँड'चे चिन्ह (&) असेल तर संपूर्ण दुवा अवतरणचिन्हांत ठेवावा, अन्यथा तो मध्येच तुटतो. या बारकाव्यांमुळेच मला वाटते की दोघातिघांनी हे नीट शिकावे आणि बाकीच्यांनी दुव्यांची यादी करून द्यावी.

प्रतिसाद (मांजलपूर)
या पद्धतीला माझी हरकत नाही. यादी मी करीन. फक्त उतरवलेली प्रत्येक फाइल उघडून तिचे शेवटचे पान पाहिल्याशिवाय यादीतील ओळीवर खूण करू नये, एवढी माझी अट आहे.